मागच्या चाकांची घरं

पप्पा, तुमच्या गाडीची मागची दोन्ही मडगार्डं मी कापली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगाच आशेवर राहायला नको. पत्रा ठोकून बघितला, तापवून बघितला, मग नाइलाजानं कापला, असलं काही नाही. ग्राइंडर लावला आणि कापला. चाकावरची जी कमान तुम्ही संध्याकाळी शेड बंद करताना तळहातानं पुसायचात, ती आता चार बोटं बाहेर आली आहे, आणि आतलं चाकाचं घरही तेवढंच रुंद झालं आहे. काका म्हणतात, मागून गाडी काष्टीच्या बाजारातल्या गाभण म्हशीसारखी दिसते. दिसू दे. गाभण म्हैस आपल्या पायांनी घरी जाते. कापायच्या आधी ही गाडी विटांवर उभी होती.

गाडीची कथा तुम्हाला सांगायला नको, पण मला ती एकदा माझ्या तोंडानं सांगायची आहे. सरकारी लिलावातली ती पांढरी अँबॅसिडर तुम्ही टेम्पोला बांधून नागापूरच्या शेडमध्ये ओढून आणलीत, तेव्हा तिचा एक दरवाजा सुतळीनं बांधलेला होता. एमआयडीसीतल्या टेम्पोंचे, जीपगाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणं हा तुमचा धंदा. दिवसभर लोकांचं ठोकायचं आणि उजेड उरला की तिचं ठोकायचं. बाहेरून हातोडी, आतून लोखंडी ठोकळा, मधे पत्रा. लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरून खड्डे बुजवणाऱ्याला तुम्ही कारागीर म्हणायला तयार नव्हता. "लांबी म्हंजी पावडर," तुम्ही म्हणायचात, "त्वांड धुतलं की गेली." पत्र्याला मारावं, तापवावं, समजवावं, पण कापू नये, हा तुमचा कायदा होता, आणि शेडमध्ये दुसरा कायदा नव्हता. गाडी उभी राहिली तेव्हा एमआयडीसीतले साहेब लोक चहाच्या सुट्टीत ती बघायला यायचे. हात लावू का, असं विचारून हात लावायचे.

मग नवऱ्या सुरू झाल्या. आपल्या ख्रिस्ती मंडळीत लग्न असलं की नवरी घरून चर्चमध्ये त्याच गाडीतून जाणार, हे कुणी ठरवलं नव्हतं, ते ठरून गेलं. नवरी मागे मधे, दोन्ही बाजूंना मावश्या-आत्या, पुढे एखादी करवली, आणि चालवायला तुम्ही, धुतलेला पांढरा सदरा घालून. नवरीच्या बापानं भाड्याचा विषय काढला की तुम्ही हात जोडायचात. मग दारातच टॉवेल-टोपी आणि नारळ. आपल्या घरात टॉवेल कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. गाडी थांबली की तुम्ही आधी उतरून मागचं दार उघडायचात, नवरीला उतरू द्यायचात, आणि ती पायऱ्या चढेपर्यंत तिथेच उभे राहायचात. मी लहानपणी बघितलेला तुमचा सगळ्यात मऊ चेहरा तो होता. आमच्या वाट्याला तो फारसा आला नाही, पण असो.

आता तो नाताळ आठवा. स्वयंपाकघरात आई करंज्या तळते आहे, मी कातण्यानं कडा कापते आहे, आणि काका पाटावर बसून गरम करंजी फुंकत आहेत. मी तेव्हा आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला होते, वर्गात एकटी मुलगी. काका म्हणतात, "दादा, गाडीला मागं रुंद टायर टाकू. पुन्याची पोरं टाकत्यात. गाडी रस्ता धरून चालंल. कमान जराशी खोलावी लागंल, एवढंच." तुम्ही दारात पाय धुता आहात. तिथूनच, मागे न बघता, तुम्ही म्हणता, "ह्या पोरीच्या लग्नापातुर गाडीला कातर लागनार न्हाई. जशी कंपनीतनं निघाली तशीच ती हिला घिऊन जाईल. मंग काय करायचं ते करा." आई माझ्याकडे बघून हसते. काका दुसरी करंजी उचलतात. मला नवरा कोण, कुठला, कधी, याचा पत्ता नव्हता, पण गाडी मात्र कशी असणार हे त्या संध्याकाळी पक्कं झालं. तुमच्या कायद्याला 'मंग' नावाची एक पळवाट होती खरी. पण तिची कडी तुम्ही माझ्या नवऱ्याच्या हातात दिली होतीत, आणि तो काही आला नाही.

तुम्ही मला काहीच दिलं नाहीत, असं मी म्हणणार नाही. नागापूरच्या कारखान्यात मला वेल्डिंगला नोकरी लागली, त्या आठवड्यात तुम्ही मला मनमाड रस्त्यावर नेऊन गाडी शिकवलीत. गिअर अडकला की तुम्ही ओरडायचात, मग दोघं गप्प, मग पुन्हा तुम्ही ओरडायचात. आणि एक दिवस जेवताना ताटाशेजारी गाडीची दुसरी किल्ली ठेवलीत. "तुज्या लग्नाच्या दिशी दुसरं कुनी चालवंल," तुम्ही म्हणालात, "तवर तू चालव." मी ती किल्ली अजून वापरते, तुमची हरवली. परवा कापण्यावरून काकांशी वाद झाला तेव्हा मी हेच म्हणाले की मला गाडी चालवायला दिली होती, राखायला नाही. काका म्हणाले, तू वकील व्हायला पायजे हुतीस. म्हटलं, मी वेल्डर आहे, तेवढं पुरे.

आणि तो डॉक्टरांचा दिवस. तो मी विसरलेली नाही, तुम्ही विसरला असाल. सुट्टीच्या दिवशी मी शेडमध्ये यायचे. डॉक्टरांच्या गाडीचं मागचं मडगार्ड खालून गंजून जाळी झालं होतं. तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात मी गंजका भाग कापून काढला, नवा पत्रा बसवला, वेल्डिंग करून घासून घेतलं. कारखान्यात माझं काम तपासणारा माणूस ते इतरांना बोलावून दाखवायचा, हे तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही परत आलात, मागोमाग डॉक्टर आले. तुम्ही पत्र्यावरून बोट फिरवलंत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग ग्राइंडर उचललात आणि डॉक्टरांसमोर माझा जोड उडवून टाकलात. "जोड दिसतो," तुम्ही म्हणालात. डॉक्टर बिचारे म्हणाले, मला तर काहीच दिसत नाही. तुम्ही म्हणालात, "तुमाला न्हाई दिसायचा. गाडीला दिसतो." मी हातमोजे काढले आणि चालत घरी आले. वाटेत रडले, तेही सांगते. पण हेही सांगते की त्यानंतर तुम्ही भोकाच्या उरलेल्या गंजक्या कडा ठोकून जुळवत बसलात, आणि गंज ठोकून बरा होत नाही. वर्षाच्या आत ते मडगार्ड पुन्हा फुटलं आणि डॉक्टर दुसऱ्या गॅरेजला गेले. तेव्हा मी गप्प बसले, कारण तुम्ही आजारी पडायला लागला होता. आता तुम्हाला काही होणार नाही, म्हणून बोलते.

तुम्ही गेलात आणि मी नोकरी सोडून शेड चालवायला घेतली. आईनं कपाळावर हात मारला. बाईच्या हातात गाडी कोण देणार, असं काका म्हणाले. लोकांनी दिली. आधी शाळेच्या गाड्या आल्या, मग दुधाचे टेम्पो, मग ज्यांच्या गाड्यांना दुसऱ्या शेडमध्ये नुसती लांबी चोपडून मिळाली होती ते आले. मी ठोकते तिथे ठोकते आणि कापायचं तिथे कापते. स्थळं आली होती, तुम्ही असताना आणि नंतरही. एकाला माझं वेल्डिंग बंद हवं होतं. एकाच्या आईनं माझे हात उलटे करून बघितले आणि चहा अर्धा ठेवून उठली. पुढे येणंच थांबलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. काही वर्षं फार वाटलं. दुसऱ्याच्या मुलीला तुमच्या गाडीतून चर्चच्या पायरीशी सोडायचं, दार उघडायचं, आणि तिचा पदर आत अडकलेला सोडवून द्यायचा, हे काम हसत करायला मला शिकावं लागलं. मग ते खरंच आवडायला लागलं. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

पण घरात तुमचा कायदा चालूच होता. गाडीला नवा रंग द्यायचा म्हटलं तरी आई म्हणायची, आत्ता नको, पुढं बघू. सीट बदलू म्हटलं, पुढं बघू. पुढं म्हणजे काय हे कुणी बोलत नव्हतं. माझी पन्नाशी उलटली, केस पिकले, चष्मा लागला, तरी आई प्रत्येक लग्नानंतर गाडी शेडमध्ये लावताना हळूच म्हणायची, "समद्यांच्या पोरी पोचवल्या. आपली तेवढी ऱ्हायली." तिच्या दृष्टीनं गाडी तयार होती आणि मीच उशीर करत होते.

मग गाडीनंच काय ते केलं. गेल्या उन्हाळ्यात केडगावची एक नवरी घेऊन निघाले होते. मागे नवरी आणि तीन बायका. नगरच्या दिल्ली गेटजवळ खाली काहीतरी काडकन मोडलं. इंजिन चालू, गिअर पडतो, आणि गाडी जागची हलत नाही. मागची दोन चाकं ज्यावर फिरतात तो एक्सल आतून तुटला होता. नवरीनं साडी गोळा केली आणि मावश्यांसकट रिक्षानं गेली. मी भर उन्हात गाडीशेजारी उभी राहिले. जाणारे-येणारे विचारत होते, काय झालं, आणि मी म्हणत होते, म्हातारी झाली. लग्न उशिरा लागलं. नवरीचे वडील नंतर एक शब्द बोलले नाहीत, पण पुढच्या दोन लग्नांना आपल्याला कोणी विचारलं नाही, भाड्याच्या नव्या गाड्या आल्या.

तशाच जातीचा एक्सल मी नगरमध्ये शोधला, पुण्याच्या भंगार बाजारात शोधला. मिळाले ते आमच्यापेक्षा झिजलेले. शेवटी एका जुन्या डिझेल जीपचा मिळाला, अस्सल दणकट, पण दोन्ही बाजूंना चार-चार बोटं लांब. लेथवाला टर्नर म्हणाला, कापून आखूड करून देतो, पण ताई, तो जोड भरवशाचा नसतो, माणसं बसणार असतील तर मी देणार नाही. म्हणजे एक्सल जसाच्या तसा बसवायचा, आणि तो बसवला की चाकं मडगार्डच्या कडेवर येणार. दोनच रस्ते राहिले. चाकांची घरं रुंद करायची, नाहीतर गाडी कायमची उभी करायची. काकांनी दुसरा रस्ता लगेच पसंत केला. "दारात ओटा बांदू, वर पत्रा टाकू. दादाची आठवन म्हनून ऱ्हाईल. आला-गेला बघंल." हेच काका, पप्पा. करंजी खात रुंद टायर मागणारे. आता ते तुमच्यापेक्षा कडक झाले आहेत. मी म्हटलं, आठवणीला चाकं कशाला हवीत मग, तीही काढून ठेवू. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ते आठवडाभर शेडकडे फिरकले नाहीत.

कापायच्या आधी मी रंग खरवडला. खरं कारण सांगते, मला तुमची एखादी लबाडी सापडायला हवी होती. कुठेतरी एक ठिगळ, कुठेतरी लांबीचा थर, लिलावातून आणलेल्या त्या मोडक्या सांगाड्यात कुठेतरी तुम्हीही हरला असाल आणि गुपचूप कापलं असेल. मग माझं काम सोपं झालं असतं. डावी बाजू उघडी केली, उजवी केली, आतून बॅटरी मारून बघितलं. काही नाही. सगळीकडे हातोडीचे बारीक घाव, एकाला एक लागून, भाकरीवर बोटं उमटावीत तसे. पत्रा ठोकून-ठोकून काही ठिकाणी इतका पातळ झाला होता की दाबला की टक् वाजायचा. मला फार राग आला. एवढा खरेपणा बरा नव्हे. एका माणसानं अशी गाडी केली असेल तर दुसऱ्यानं तिच्यापुढे हात बांधून उभंच राहायचं का? मी तिथे खाली बसून चहा प्यायले आणि मग ग्राइंडरला नवं पातं लावलं.

आणि पहिल्याच बाजूला चुकले. गाडी जॅकवर होती, चाक खाली लोंबत होतं. मी त्या लोंबत्या चाकाभोवती खडूनं कमान आखली आणि कापली. गाडी खाली उतरवून दोन माणसं मागे बसवली, तर टायर मागच्या कडेला घासला. भार पडला की स्प्रिंगचे पाटे दबतात, आणि दबताना एक्सल नुसता वर जात नाही, थोडा मागेही सरकतो. हे मी टेम्पोच्या बाबतीत कुणालाही डोळे मिटून सांगेन. टेम्पो भरायचाच असतो, त्यामुळे त्याचं माप भरलेलं घ्यायचं हे सुचतं. तुमची गाडी चालवताना माझ्या मागे इतकी वर्षं बायका बसत आल्या, पण माप घ्यायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुमची पुसलेली, रिकामी, उभी गाडीच होती. आपल्या घरात तिला सगळे तसंच बघत होते. चूक माझी, पण ती मी कुठून शिकले ते तुम्ही बघा.

तेव्हा ठरवलं की आधी दोन्ही बाजू ढोबळ कापून मोकळ्या करायच्या, आणि पक्कं माप भरल्या गाडीचंच घ्यायचं. त्यासाठी मला कणीक हवी होती. कणकेचे गोळे चाकाच्या घरात आतून चिकटवायचे, गाडी माणसांनी भरायची, खड्ड्यातून, गतिरोधकावरून न्यायची. टायर जिथे जवळ येतो तिथला गोळा चपटा होतो, आणि किती चपटा झाला त्यावरून किती जागा हवी ते कळतं. स्वयंपाकघरात जाऊन परात काढली तशी आई मागे आली. "कनीक कशाला?" सांगितलं. "अन्नाची नासाडी," ती म्हणाली, आणि मला बाजूला सारून स्वतः मळायला बसली. "चपातीची सैल मळशील तर चिकटून बसंल. पुरीची घट्ट पायजे." वरून तेलाचा हात फिरवला. बराच वेळ नुसती मळत राहिली, गरज नसताना. मग खाली परातीत बघत म्हणाली, "म्हंजी आता तुजं लगीन न्हाईच म्हनायचं का?"

इतक्या वर्षांत तिनं हे मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई, आई. नाही होणार. मी वाट बघत नाही, तूही बघू नको." तिचे हात कणकेत तसेच राहिले. मला तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण मी उभीच राहिले, कारण बसले असते तर तिनं मला कुशीत घेतलं असतं आणि मग मी पुढचं काही कापलं नसतं. शेवटी तिनं गोळा उचलून माझ्या हातात दिला. "घे," ती म्हणाली, "कोरडी पडंल."

रविवारी उपासना सुटल्यावर मी मंडळीतल्या चार मावश्यांना शेडमध्ये आणलं. पोती टाकता आली असती, पण पोती गप्प बसतात, नवरीच्या मावश्या बसत नाहीत. सगळ्या चांगल्या साड्या नेसलेल्या. त्यातली सर्वांत दणकट म्हणाली, "आमची वजनं करतीस व्हय गं?" म्हटलं, वजन नाही मावशी, माप. "मापात काय, आमी कंदीच मापात नव्हतो," असं म्हणून ती दार धरून आत शिरली आणि गाडी खरोखर एका बाजूला झुकली. चौघींना मी मागेच कोंबलं. मी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यानं, जिथे ट्रकांनी खड्डे केले आहेत, गाडी मुद्दाम खड्ड्यांतूनच नेली. मावश्यांनी आधी आरडाओरडा केला, मग एकीनं गीत धरलं आणि बाकीच्या खड्ड्यांच्या तालावर गायला लागल्या. परत आल्यावर त्या खाली वाकून-वाकून गोळे बघत होत्या, आपल्या कुणाच्या बाजूचा जास्त चपटा झाला यावरून त्यांची जुंपली. आई दारात उभी होती. ती पुढे आली, वाकली, बोटानं एक चपटा गोळा दाबून बघितला आणि म्हणाली, "हितं अजून सोड." मी तिथे अजून सोडलं.

मग मी दोन्ही बाजू तुमच्या कायद्याच्या बाहेर जाऊन केल्या. कमान मापापर्यंत कापून बाहेरचा पत्रा बाहेर ओढला, आतल्या घराला उभे काप देऊन ते ठोकत-ठोकत रुंद केलं, दोन्हींच्या मधे नवी पट्टी बसवली आणि वेल्डिंग केलं. ठोकताना तुमचाच ठोकळा वापरला, कारण तोच चांगला आहे. घासताना मी एका ठिकाणी थांबले. आणखी थोडं घासलं असतं तर जोड पूर्ण गायब झाला असता. मी नाही घासला. वेल्डिंगची बारीक रेघ कमानीवरून गेलेली रंगाखालून दिसते, हात फिरवला तर लागते. कापलं आहे तर कापलेलं दिसलं पाहिजे. गाडी तुम्ही केलीत हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी केलं, हे त्या रेघेवरून कळेल.

नोव्हेंबरात आपल्याच आळीतली एक मुलगी, शाळेत शिकवते ती, तिच्या वडिलांना म्हणाली की मी त्याच गाडीतून जाणार. ते घाबरत-घाबरत आले. मी म्हटलं, तुटली तर मी तिला पाठीवर नेईन. लग्नाच्या दिवशी दारात त्यांनी मला नारळ दिला आणि वर खण-साडी ठेवली. मी साडी परत केली. "पप्पांना टॉवेल-टोपी द्यायचात. मलाही तीच द्या." ते गोंधळले. "बाईमानसाला टोपी कशी द्यायची, ताई?" म्हटलं, गाडी कुणी आणली दारात? मग ते सूट-टायमध्येच कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः गेले. नवरी गाडीत बसून हसत होती आणि मावश्या वेळ झाला म्हणून ओरडत होत्या. त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. टोपी मी वाकून घालून घेतली, आणि चर्चपर्यंत डोक्यावरून काढली नाही.

वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मी मागच्या चाकांकडे कान लावत होते. मागे पाच बायका कोंबल्या होत्या, मी चार म्हटलं होतं. टायर कुठेही घासला नाही. चर्चपाशी गाडी थांबवली, उतरले, मागचं दार उघडलं. नवरी पायऱ्या चढून गेली. मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात असं आलं नाही की माझी पाळी कधी. मनात एवढंच आलं की एक्सल गरम झाला असेल का, खाली वाकून बघायला हवं. वाकले, हात लावला. झाला नव्हता. मला इतका आनंद झाला, पप्पा, की तो कुणाला दाखवावा ते कळेना.

हे पत्र मी पाठवणार नाही. कब्रस्तानात आणून वाचणारही नाही, तिथे काका रोज येऊन बसतात. आणि खरं तर तुमचं उत्तर मला नकोच आहे, इतकी वर्षं मी तेच ऐकत आले. फक्त एक गोष्ट आहे, जी आईलाही माहीत नाही. कमानींच्या कापलेल्या कडा ती मागत होती, पलंगाखाली ठेवते म्हणाली. मी तिला सांगितलं की कापताना त्यांचे तुकडे झाले. झाले नव्हते. दोन्ही अख्ख्या निघाल्या होत्या, तुमच्या हातोडीच्या सगळ्या घावांसकट. त्याच दुपारी मी त्या भंगारवाल्याकडे नेल्या आणि भट्टीकडे जाणारा त्याचा ट्रक भरून निघेपर्यंत तिथून हलले नाही. घरात राहिल्या असत्या, तर एखाद्या दिवशी मी त्या परत जोडल्या असत्या.